नोकरीला बांधलेला विमा

अमेरिकेत एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्या मराठी माणसाची नोकरी गेली, की साठ दिवसांत दुसरी शोधायची धावपळ सुरू होते. त्यात घरच्यांचा आरोग्य विमाही जातो. कुठल्याही माणसाच्या औषधपाण्याचा त्याच्या मालकाशी इतका घट्ट संबंध का असावा? हे कुणी विचारपूर्वक ठरवलेलं नव्हतं.

१९२९ साली डॅलसमधल्या बेलर रुग्णालयाची बिलं थकत होती. तिथले जस्टिन फोर्ड किंबॉल पूर्वी शाळांचे अधीक्षक होते, त्यामुळे थकबाकीदारांत किती शिक्षक आहेत हे त्यांच्या लक्षात आलं. महिना पन्नास सेंट भरा, वर्षाला २१ दिवस रुग्णालयात मोफत राहा, अशी योजना त्यांनी काढली. हजाराहून अधिक शिक्षक तिच्यात आले. ‘ब्लू क्रॉस’ या आरोग्य विम्याचं मूळ ते हेच.

तरीही १९४० मध्ये दहातल्या एकाकडेही विमा नव्हता. चित्र पालटलं ते युद्धामुळे. तरुण आघाडीवर गेलेले, कारखान्यांना माणसं मिळेनात, आणि महागाई रोखण्यासाठी १९४२ च्या कायद्यानं पगारवाढ गोठवलेली. त्या कायद्यातून विमा आणि पेन्शन मात्र वगळले होते. पगार वाढवता येत नाही तर विमा देऊ, असं म्हणत कंपन्या कामगार ओढू लागल्या. कंपनीनं भरलेल्या हप्त्यावर कामगाराला प्राप्तिकर नाही, हे १९५४ च्या करसंहितेनं पक्कं केलं. युद्धकाळातली पळवाट अशी कायमचा रस्ता झाली. १९६० पर्यंत जवळपास दोन तृतीयांश लोकांकडे काही ना काही विमा होता.

राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी १९४५ मध्ये सर्वांसाठी राष्ट्रीय विमा मागितला होता. डॉक्टरांच्या संघटनेनं त्याला ‘समाजवादी वैद्यक’ ठरवून पाडलं. माझ्या मते खरी संधी हुकली ती तेव्हाच. मग कामगार संघटनांनीही मालकांशी वाटाघाटी करूनच विमा मिळवला, आणि ज्यांना मालकच नव्हता ते मागे राहिले. त्यांतल्या वृद्धांसाठी मेडिकेअर आणि गरिबांसाठी मेडिकेड या सरकारी विमा योजना यायला १९६५ उजाडलं. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी ट्रूमन यांच्या गावी जाऊन त्या कायद्यावर सही केली आणि पहिलं कार्ड त्यांनाच दिलं.

नोकरी सुटल्यावर साधारण १८ महिने जुना विमा चालू ठेवण्याची ‘कोब्रा’ कायद्याची सोय १९८६ पासून आहे, पण मालकाचा वाटाही स्वतःच भरावा लागतो. २०२४ मध्ये कंपनीमार्फतच्या कौटुंबिक विम्याचा सरासरी हप्ता वर्षाला २५,५७२ डॉलर होता. पगार बंद असताना महिना दोन हजारांवर कोण भरणार? २०१० च्या ओबामा यांच्या कायद्यानं अनुदानित विमा आणि वाढीव मेडिकेड हे मार्ग उघडले, तरी साठीच्या आतल्या बहुतेकांचा विमा आजही नोकरीतूनच येतो.

आता मेडिकेडलाही तीच दोरी बांधली जाते आहे. २०२५ च्या कायद्यानुसार, २०१० नंतरच्या विस्तारात आलेल्या प्रौढांना, काही अपवाद सोडून, महिन्याला ८० तास काम, शिक्षण किंवा समाजसेवा दाखवावी लागेल. १ जानेवारी २०२७ पर्यंत राज्यांना ही अट लागू करायची आहे. आर्कान्सा राज्यानं २०१८ मध्ये असा प्रयोग केला, तेव्हा काही महिन्यांत १८ हजारांहून अधिक लोकांचं मेडिकेड गेलं. संशोधकांना रोजगारात वाढ आढळली नाही. ज्यांना अट लागू होती त्यांतले बहुतेक जण आधीच काम करत होते किंवा सवलतीला पात्र होते. अनेकांना ती अट आहे हेच ठाऊक नव्हतं.