दवाखाना एकच, मग डिमेन्शियात एवढा फरक का? अमेरिकेच्या माजी सैनिकांची मागची गोष्ट

एप्रिल २०२२ मध्ये 'जामा' या मेडिकल जर्नलमध्ये एक मोठा अभ्यास छापून आला. ५५ च्या पुढचे जवळपास १८ लाख ६९ हजार अमेरिकन माजी सैनिक, १९९९ ते २०१९ अशी वीस वर्षांची रेकॉर्ड्स. वयाचा हिशोब सारखा करून घेतला तर दर हजार माणसांमागे वर्षाला डिमेन्शियाच्या (म्हातारपणी स्मरणशक्ती आणि विचारशक्ती ढासळण्याच्या आजाराच्या) नव्या केसेस गोऱ्यांत ११.५, आशियाईंत १२.४, मूळ अमेरिकन लोकांत १४.२, कृष्णवर्णीयांत १९.४ आणि हिस्पॅनिक (म्हणजे स्पॅनिशभाषक मुळाच्या) लोकांत २०.७. बाकीचे आजार वगैरे हिशोबात धरूनही हिस्पॅनिकांचा धोका गोऱ्यांच्या जवळपास दुप्पटच राहिला. (आशियाई म्हणजे फिलिपिनो, जपानी, आपले देसी सगळे एकाच डब्यात, तेव्हा त्या १२.४ वरून फार काही काढू नका.)

आता गंमत म्हणा की दुःख, ही सगळी माणसं व्हीएमध्ये, म्हणजे माजी सैनिकांच्या सरकारी दवाखान्यांत जाणारी. अमेरिकेत आरोग्यातल्या फरकाचं नेहमीचं उत्तर "इन्शुरन्स नाही हो त्यांच्याकडे" असं असतं, ते इथे नीट लागूच पडत नाही. मग मागे जावं लागतं, आणि मागे म्हणजे थेट १९४४ ला.

त्या वर्षी जीआय बिल आलं. युद्धावरून परतलेल्याला कॉलेजचा खर्च, घरासाठी सरकारी हमीचं कर्ज. कायद्यात काळा-गोरा असा शब्दही नाही, पण अंमलबजावणी राज्यांच्या आणि गावातल्या बँकांच्या हातात, आणि ती तशीच राहावी म्हणून मिसिसिपीचे खासदार जॉन रँकिन यांनी भरपूर जोर लावला होता. निकाल काय, तर १९४७ मध्ये मिसिसिपीतल्या १३ शहरांत घर, धंदा, शेतीसाठी अशी ३,२२९ कर्जं मंजूर झाली त्यातली कृष्णवर्णीय सैनिकांना मिळाली फक्त २. हा आकडा मी दोनदा वाचला. कॉलेजचंही तेच, दक्षिणेतली गोऱ्यांची कॉलेजं यांना घेत नव्हती आणि यांच्या मोजक्या कॉलेजांत जागाच नव्हत्या.

याचा मेंदूशी काय संबंध? बराच आहे. तरुणपणी शिक्षण जास्त झालेलं असेल तर मेंदूची शिल्लक जास्त राहते, झीज सुरू झाली तरी लक्षणं उशिरा दिसतात. आणि चाळिशी-पन्नाशीतलं बीपी, शुगर मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्या खराब करतात, ते बीपी कुठल्या वस्तीत राहता, काय खाता, किती ताणात जगता यावर ठरतं. म्हणजे सत्तरीत दिसणाऱ्या विसरण्याची तयारी पंचविशीतच चालू झालेली असते, व्हीएचा डॉक्टर भेटेपर्यंत अर्धा खेळ संपलेला असतो.

आणि व्हीए तरी सगळ्यांसाठी सारखं कुठे होतं? १९२३ मध्ये अलाबामातल्या टस्कीगीला कृष्णवर्णीय सैनिकांसाठी वेगळं हॉस्पिटल काढलं, तिथे डॉक्टर-नर्सही कृष्णवर्णीय असणार म्हटल्यावर गोऱ्यांच्या वर्चस्वासाठी हिंसा करणाऱ्या कू क्लक्स क्लॅन या संघटनेने मोर्चा काढला. व्हीएच्या हॉस्पिटलांतली ही वाटणी अधिकृतपणे संपायला १९५४ उजाडलं. सैन्यातली वाटणी बंद करायचा राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांचा हुकूम जुलै १९४८ चा. त्याच्या आधी १९४६ मध्ये आयझॅक वुडार्ड नावाचा कृष्णवर्णीय सार्जंट, डिस्चार्ज होऊन काही तासच झालेले, अंगावर युनिफॉर्म, बसने घरी निघालेला, ड्रायव्हरशी बाथरूमला थांबण्यावरून बोलाचाली झाली आणि साउथ कॅरोलिनाच्या पोलिसांनी मारून त्याचे दोन्ही डोळे घालवले. पोलिसप्रमुख कोर्टातून सुटला. ट्रुमन हादरले ते या प्रकाराने.

हिस्पॅनिकांची गोष्ट कमी सांगितली जाते. दुसऱ्या महायुद्धात फिलिपिन्समध्ये मारला गेलेला मेक्सिकन वंशाचा सैनिक फेलिक्स लोंगोरिया, त्याचं पार्थिव १९४९ मध्ये टेक्सासला यायचं होतं, तर गावातल्या अंत्यविधीवाल्याने गोऱ्यांना आवडणार नाही म्हणून हॉल नाकारला. डॉ. हेक्टर गार्सिया यांनी आदल्याच वर्षी अमेरिकन जीआय फोरम ही मेक्सिकन वंशाच्या माजी सैनिकांची संघटना काढली होती, त्यांनी आवाज उठवला, तेव्हाचे सेनेटर लिंडन जॉन्सन मध्ये पडले आणि शेवटी दफन आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय लष्करी दफनभूमीत झालं.

मग व्हिएतनाम. १९६६ मध्ये संरक्षणमंत्री मॅकनमारा यांनी प्रोजेक्ट १,००,००० आणलं, भरतीच्या परीक्षेत आधी नापास ठरणाऱ्या पोरांना घ्यायचं, साधारण साडेतीन लाख घेतले आणि त्यात सुमारे ४० टक्के कृष्णवर्णीय. आता २०१० च्या एका अभ्यासात दिसलं की पीटीएसडी (भयानक प्रसंगानंतर मनावर राहणारा आघात) असलेल्या माजी सैनिकांना डिमेन्शियाचा धोका जवळपास दुप्पट, त्यामुळे कुणाला लढाईच्या तोंडी दिलं हा प्रश्नही इथे येतोच.

एक खोच मात्र आहे. स्मरणशक्तीच्या टेस्टवर शिक्षणाचा आणि भाषेचा परिणाम होतो, शाळा कमी झालेला किंवा घरी स्पॅनिश बोलणारा माणूस इंग्रजी टेस्टमध्ये कमी मार्क मिळवणारच, म्हणून काही फरक निदानातलाही असू शकतो. पण सगळाच फरक टेस्टच्या माथी मारणं मला तरी पटत नाही.

२०२१ मध्ये अमेरिकन संसदेत एक विधेयक आलं, दुसऱ्या महायुद्धातल्या कृष्णवर्णीय सैनिकांच्या वारसांना जीआय बिलाचे तेव्हा हुकलेले फायदे द्यायचे म्हणून. त्याला वुडार्डचं नाव दिलंय. २०२३ मध्ये परत मांडलं, तेव्हाही पास झालं नाही.