विषाणू शोधता शोधता

एका नमुन्यात रोगकारक घटक किती आहे, एवढंच ठरवायला ६० उंदीर आणि जवळजवळ एक वर्ष लागायचं. १९७०च्या दशकात स्क्रेपीवर काम करणाऱ्यांचा हा नेहमीचा हिशेब. स्क्रेपी हा मेंढ्यांच्या मेंदूचा रोग. ब्रिटनमधल्या मेंढपाळांना तो अठराव्या शतकापासून ठाऊक आहे. मेंढी कुंपणाला अंग घासत सुटते, लोकर झडते, तोल जाऊ लागतो आणि शेवटी ती मरते. रोगट मेंदूचा अर्क निरोगी जनावराला टोचला की त्यालाही रोग होतो, पण कित्येक महिने काही दिसत नाही. म्हणून अर्क दहापट, शंभरपट, हजारपट पातळ करत जायचं, उंदरांच्या मेंदूत टोचायचं आणि कुठपर्यंत उंदीर मरतात याची वाट बघत बसायचं.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को शाखेत स्टॅन्ली प्रुसिनर यांनी १९७२ साली क्रॉइट्झफेल्ट-याकोब रोगाची एक रुग्ण पाहिली आणि ते या वाटेला लागले. हा रोग म्हणजे माणसांतला स्क्रेपीचा भाऊबंद. त्यामागे एखादा चिवट विषाणू असेल आणि तो आपण शुद्ध करून दाखवू, अशीच त्यांची अपेक्षा होती. पण शुद्धीकरणाच्या दर पायरीला वर्ष घालवायचं तर जन्म पुरायचा नाही. मग त्यांनी उंदरांऐवजी हॅमस्टर घेतले आणि मोजण्याची रीतही बदलली. किती प्राणी मेले हे न बघता, टोचल्यापासून किती दिवसांत आजारी पडले हे बघायचं. मात्रा जास्त, तर आजार लवकर. आता ४ प्राणी आणि साधारण ७० दिवस पुरू लागले.

या घटकाला पुढे ‘प्रायॉन’ म्हणू लागले. प्रायॉनची गोष्ट सांगताना, विषाणूशिवाय नुसतं प्रथिनच रोग पसरवतं या ‘क्रांतिकारक कल्पने’चं कौतुक फार होतं. माझ्या मते खरी बाजी मारली ती या कंटाळवाण्या बदलाने. कल्पना काही अगदी नवी नव्हती. न्यूक्लिक आम्लाचा (म्हणजे विषाणूंतही असणाऱ्या डीएनए-आरएनएचा) नाश करणाऱ्या अतिनील किरणांना स्क्रेपीचा घटक दाद देत नाही, हे लंडनच्या टिक्वा आल्पर यांनी १९६७मध्येच दाखवलं होतं, आणि नुसतं प्रथिनही आपली संख्या वाढवू शकेल, असं गणितज्ञ जे. एस. ग्रिफिथ यांनी त्याच वर्षी मांडलं होतं.

नमुना जसजसा शुद्ध होत गेला तसतसं हाती प्रथिनच उरलं. मधल्या काळात प्रुसिनर यांचं एक मोठं अनुदान बंद झालं, कायम नेमणूकही अडली. १९८२ साली त्यांनी या घटकाला ‘प्रायॉन’ हे नाव दिलं, आणि बरेच जण चिडले. त्यात सगळाच हेकेखोरपणा नव्हता. पुरावा तेव्हा अपुराच होता.

१९८५मध्ये या प्रथिनाचं जनुक सापडलं, तेही निरोगी प्राण्याच्या स्वतःच्या पेशींत! अमिनो आम्लांची साखळी तीच, फक्त घडी वेगळी. बिघडलेल्या घडीचं प्रथिन चांगल्या प्रथिनाला गाठतं आणि त्यालाही आपल्यासारखं वळवतं. इथे विरजणाची उपमा हमखास दिली जाते, पण ती फसवी आहे. विरजणात जिवंत जिवाणू असतात, ते वाढतात. इथे जिवंत असं काहीच नाही.

मग झ्युरिकमध्ये चार्ल्स वाइसमन यांच्या गटाने ते जनुकच काढून टाकलेले उंदीर तयार केले. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात त्यांना स्क्रेपी टोचली, तर ते आजारीच पडले नाहीत. ‘हे प्रथिन म्हणजे विषाणूचं पेशीत शिरायचं दार असेल,’ असं विषाणूवाले तरीही म्हणत राहिले. तिकडे ब्रिटनमध्ये गाईंमधल्या अशाच रोगाची, ‘मॅड काऊ’ची, साथ चालू होती. तिचा माणसांतल्या नव्या रोगाशी संबंध असावा, हे सरकारने १९९६मध्ये कबूल केलं. पुढच्या वर्षी प्रुसिनर यांना एकट्याला नोबेल मिळालं.

त्या झ्युरिकच्या उंदरांत आणखी एक गोष्ट दिसली होती: प्रथिन नसूनही ते बऱ्यापैकी धडधाकट होते. आजची उपचारांची आशा यावरच उभी आहे. सोनिया वल्लभ यांच्या आईचा २०१०मध्ये आनुवंशिक प्रायॉन रोगाने मृत्यू झाला. तोच जनुकदोष आपल्यातही आहे, हे पुढच्या वर्षी सोनियांना कळलं. कायद्याचं शिक्षण घेतलेल्या सोनिया आणि त्यांचे पती एरिक मिनिकेल दोघेही विज्ञानाकडे वळले. बिघडलेल्या प्रथिनामागे धावण्यापेक्षा ते ज्यातून बनतं तो कच्चा मालच कमी करायचा, हा त्यांचा मार्ग. हे प्रथिन बनवण्याचा जनुकाचा निरोप मधेच अडवणाऱ्या औषधाने संसर्ग झालेले उंदीर जास्त जगले, आणि औषध जितकं लवकर तितका फायदा जास्त. अशा औषधाच्या माणसांवरच्या चाचण्याही सुरू झाल्या आहेत. आनुवंशिक दोष असलेल्या घरांत औषध कुणाला द्यायचं हे आधी कळू शकतं; पण बहुतेक रुग्णांना हा रोग असं कुठलंही कारण नसताना होतो, आणि निदान होईपर्यंत मेंदूची बरीच हानी झालेली असते.