दहा बाय दहाच्या खोलीत बोलायचं कुठे?

मुंबईत कुणी जरा वेगळं वागलं की अजूनही म्हणतात, "याला ठाण्याला भरती करा." ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ सालचं. सव्वाशे वर्षांत उपचार कुठल्या कुठे गेले, टोमणा मात्र तिथेच आहे. मनातलं घरी का सांगत नाहीस, असं पोरांना विचारणाऱ्यांनी आधी हा टोमणा आठवावा.

खरं तर या शहराने सुरुवात फार चांगली केली होती. १९३६ साली टाटा न्यासाच्या पैशातून आणि क्लिफर्ड मॅनशार्ट यांच्या पुढाकाराने नागपाड्यात, ऐन कामगारवस्तीत, समाजकार्याचं शिक्षण देणारी शाळा निघाली. तीच आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था. पुढच्याच वर्षी तिने मुलांच्या मनाच्या अडचणींसाठी बालमार्गदर्शन केंद्र उघडलं, देशातलं पहिलं. मूल समजून घ्यायचं तर त्याचं घर आणि गल्लीही समजून घ्यायला हवी, ही दृष्टी त्यात होती. पण तिथेही मूल यायचं ते मोठ्यांचं बोट धरून, आणि तक्रार मांडायचे मोठेच. पुढची कित्येक दशकं हे बदललं नाही.

कायदा तर आणखी कठोर. आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हाच होता. मनोविकाराने त्रस्त असलेल्या एका पोलीस शिपायाच्या प्रकरणात १९८६ साली मुंबई उच्च न्यायालयाने हा गुन्हा ठरवणारं दंड संहितेचं ३०९ कलम घटनाबाह्य ठरवलं, पण १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने ते वैध मानलं. या भीतीपोटी किती घरांनी मुलांचं दुःख 'अपघात' म्हणून झाकलं असेल! २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असं गृहीत धरून तिला शिक्षेपासून वाचवलं.

दरम्यान, टोमण्यातल्या त्याच ठाण्यात मनोविकारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही संस्था सुरू केली आणि मनाच्या आरोग्याची गोष्ट सभागृहात, चारचौघांत आणली. २०१४ च्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाने मानसिक आरोग्य आपल्या सहा विषयांत घेतलं आणि समवयस्क 'साथिया'ची कल्पना मांडली. मुलं मुलांशीच आधी बोलतात, हे सरकारी कागदावर आलं ते तेव्हा. २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातल्या ७.३ टक्के मुलांमध्ये मानसिक विकार आढळले. २०२२ साली १४४१६ ही टेली-मानस हेल्पलाइन आली.

एवढं होऊनही एक खुर्ची रिकामी आहे. २०१७ च्या कायद्याने राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणावर मनोविकार अनुभवलेल्यांना जागा दिली, त्यांची काळजी घेणाऱ्यांना दिली, स्वयंसेवी संस्थांना दिली. तरुण म्हणून तरुणांसाठी एकही राखलेली नाही. मला ही चूक गंभीर वाटते, कारण मुलांना जे ठाऊक असतं ते आपल्याला नसतं.

गोवंडीतल्या एका वस्तीत मुलींच्या गटासमोर मी हेल्पलाइनची पत्रकं वाटत होते. चिठ्ठ्यांच्या डब्यात एक वहीचा कागद निघाला, चार घड्या घातलेला: "ताई, घर दहा बाय दहाचं. आई, बाबा, आजी, दोन भाऊ. फोन बाबांचा. मी बोलू कुठे?" आम्ही चार अनुभवी माणसं, पण हा प्रश्न आमच्या कुणाच्याच डोक्यात आला नव्हता. मार्ग मुलींनीच काढला. बालवाडी दुपारी सुटते, मग खोली रिकामीच असते. बालवाडीच्या बाई चावी द्यायला लगेच तयार झाल्या, आणि दाराबाहेर कुणी उभं राहू नये म्हणून पायरीवर आळीपाळीने कोण बसणार, तेही मुलींनी त्याच दिवशी ठरवलं.