बर्लिन बचाव

बुद्धिबळात रुई लोपेझ सुरुवातीला काळ्याने द्यायचे एक उत्तर. १. ई४ ई५, २. घो-एफ३ घो-सी६, ३. उं-बी५ (घो म्हणजे घोडा, उं म्हणजे उंट) यानंतर काळा दुसरा घोडा एफ६ वर आणतो आणि ई४ वरच्या प्याद्यावर डोळा ठेवतो. पांढऱ्याने किल्लेकोट केला की काळा ते प्यादे मारतो. मुख्य प्रकारात आठव्या खेळीलाच वजिरावजिरी होते. काळ्याचा राजा डी८ वर उघड्यावर येतो, किल्लेकोटाचा हक्क जातो, सी-पट्टीत प्यादी दुहेरी होतात. सगळ्या सोंगट्या उतरल्या तर नुसत्या प्याद्यांचा अंतिम डाव बहुधा पांढराच जिंकेल. पण सोंगट्या उतरवणे सोपे नसते : काळ्याकडे उंटांची जोडी असते आणि त्याच्या तटबंदीत शिरायला वाट सापडत नाही.

२००० साली लंडनमधल्या जगज्जेतेपदाच्या लढतीत आव्हानवीर क्रामनिकने जगज्जेत्या कास्पारोव्हविरुद्ध हेच हत्यार काढले. पहिला, तिसरा, नववा आणि तेरावा असे बर्लिनचे चारही डाव बरोबरीत सुटले. कास्पारोव्ह एकही डाव न जिंकता ८.५–६.५ असा हरला, आणि या बचावाला ‘बर्लिनची भिंत’ हे नाव चिकटले.

याच सुरुवातीतली दुसऱ्या प्रकारची बरोबरी मात्र लढाईची नव्हे, नुसती नावापुरती. मुख्य प्रकारात सहाव्या खेळीला पांढरा सी६ वरचा घोडा मारतो, इथे त्याऐवजी ई५ वरचे प्यादे मारतो, काळा बी५ वरचा उंट घेतो. घोडे उतरतात, एक प्यादे वाटेतच (‘आँ पासाँ’ नियमाने) मारले जाते. मग पांढरा वजीर ई४ वरून शह देतो, काळा वजीर ई६ वर आड येतो. पांढरा डी४ वर परततो, काळा डी६ वर. तीच स्थिती तिसऱ्यांदा आली की चौदाव्या खेळीला डाव संपतो. आपसात ठरवून बरोबरी घेण्यास बंदी घालणाऱ्या स्पर्धांनाही ही पळवाट बुजवता येत नाही, कारण स्थितीची पुनरावृत्ती नियमातच बसते.

म्हणून बर्लिनला कंटाळवाणा म्हणतात, पण ते अर्धेच खरे. २०१३ च्या जगज्जेतेपदाच्या चेन्नई लढतीत चौथ्या डावात काळ्याकडून खेळणाऱ्या नॉर्वेच्या कार्लसनने ए२ वरचे प्यादे गट्टम केले. आनंदने ६४ खेळ्यांपर्यंत झुंजून बरोबरी वाचवली. पुढच्या वर्षी सोचीत अकराव्या डावात काळी बाजू आनंदची होती. उंटाच्या बदल्यात बी४ वर हत्ती देण्याची त्याची चाल अंगलट आली, आणि ४५ खेळ्यांत त्या डावासकट अख्खी लढत कार्लसनने खिशात घातली.