गाडीतला आवाज कमी करायचाय? आधी तो कुठून येतो ते बघा

मुंबई-पुणे एक्सप्रेसवेच्या काँक्रीटवर १०० च्या स्पीडला शेजारी बसलेल्याशी बोलायचं तरी आवाज चढवावा लागतो, म्हणून लोक ॲक्सेसरीजच्या दुकानात जाऊन चारही दरवाजांना डॅम्पिंग शीट मारून घेतात, मग दरवाजा लावताना मस्त 'धप्प' वाजतं पण हायवेवरचा गोंगाट जवळपास तसाच राहतो. शीट खराब नसते हो, तिचं कामच वेगळं आहे.

दरवाजाचा पत्रा एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असतो. रस्त्याची, इंजिनची थरथर पोचली की तो वाजायला लागतो, स्टीलच्या ताटाला चमचा लागल्यावर वाजतं तसा. डॅम्पिंग शीट म्हणजे चिकट ब्युटाइल रबर आणि वर ॲल्युमिनियमची फॉइल. पत्रा वाकायला बघतो, फॉइल ताणायला तयार नसते, मधलं रबर दोघांत खेचलं जातं आणि थरथरीची ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते. म्हणून सगळा पत्रा झाकायची गरजच नाही, मोठ्या सपाट भागाच्या मधोमध पाव ते एक तृतीयांश जागेवर लावली तरी बहुतेक फायदा मिळतो. फक्त आधी पत्रा स्पिरिटने पुसा आणि रोलरने नीट दाबा.

हायवेवर मात्र मोठा वाटा टायरच्या आवाजाचा, तो मुख्यतः १००० हर्ट्झच्या आसपास असतो आणि फ्लोअर, चाकांवरचा पत्रा, डिकी इथून आत घुसतो. हा हवेतून येणारा आवाज अडवायला वजनच लागतं, थराचं वजन दुप्पट केलं की साधारण ६ डेसिबल जास्त अडतात. त्यासाठी जड व्हिनाइल (प्लॅस्टिकची वजनदार चादर) मिळतं, चौरस मीटरला ५ किलोच्या आसपास, आणि ते पत्र्याला थेट न चिकटवता मध्ये फोमचा थर ठेवायचा, नाहीतर पत्र्याची थरथर सरळ त्यात जाते.

पण त्याआधी फटी बघा! एकूण क्षेत्रफळाच्या फक्त १ टक्का जागा उघडी राहिली तर बाकी भिंत कितीही भारी असो, २० डेसिबलच्या वर आवाज अडतच नाही. दरवाजात कागदाची पट्टी धरून दरवाजा लावा, पट्टी सहज सरकून आली तर तिथली रबर बीडिंग गेलीय. सगळ्यात स्वस्त काम हेच आणि नेमकं हेच कोणी करत नाही.

नुसत्या पातळ फोमवर पैसे घालू नका. १०० हर्ट्झच्या जाड, घुमणाऱ्या आवाजाच्या लाटेची लांबी जवळपास साडेतीन मीटर असते, ती लाट १० मिलिमीटरच्या फोमला जुमानत नाही, तो फक्त बारीक, टोकदार आवाज थोडे खातो. त्यात दरवाजाच्या आत पावसाचं पाणी उतरतंच, काचेच्या फटीतून, आणि स्पंजसारखा फोम ते धरून ठेवतो, कोकणात तर पत्रा गंजणारच. तिथे पाणी न पिणारा बंद पेशींचा फोमच घ्या, आणि दरवाजाच्या तळाशी पाणी जायला भोकं असतात ती शीटखाली बुजली नाहीत ना हे लावणाऱ्यासमोर उभं राहून बघा.