नव्वद नंबरचे तेल आणि अर्ध्या मायक्रॉनचा पडदा

पॉवर वीडर किंवा छोटा टिलर घरी आला की इंजिनाचे ऑइल पाहण्याची सवय शेतकऱ्याला चटकन लागते, कारण ते कमी झाले की यंत्र धूर सोडून, आवाज बदलून आपले दुखणे लगेच सांगते. फाळांच्या वरच्या बाजूला असलेल्या गिअरपेटीकडे मात्र वर्षानुवर्षे कोणी पाहत नाही. ‘गिअरचे तेल काही जळत नाही, मग ते पाहायचे कशाला?’ हा प्रश्न बेळगाव जिल्ह्यात खानापुरापासून निपाणीपर्यंत कोणत्याही गावात ऐकायला मिळतो. त्याच्या जोडीला आणखी दोन समजुती असतात. नव्वद नंबरपेक्षा एकशेचाळीस नंबरचे तेल जाड, म्हणून ते अधिक चांगले, ही एक. आणि तेल कमी वाटलेच तर इंजिनातून काढलेले जळके ऑइल त्यात ओतले तरी चालते, ही दुसरी. तिन्ही समजुतींच्या मुळाशी एकच कल्पना आहे, ती म्हणजे तेल ही केवळ एक बुळबुळीत वस्तू असून ती लोखंडाला लागलेली असली म्हणजे काम भागते. गिअरच्या दोन दातांमध्ये तेलाचे प्रत्यक्षात काय होते हे एकदा समजले की ही कल्पना टिकत नाही, आणि जे होते ते इतके विलक्षण आहे की त्यावर सविस्तर लिहिण्याचा मोह मला आवरत नाही.

१८८३ साली इंग्लंडमध्ये बीचम टॉवर हे अभियंते रेल्वेच्या आसांच्या बेअरिंगवर प्रयोग करीत होते. बेअरिंगमध्ये तेल सोडण्यासाठी त्यांनी वरच्या बाजूने एक भोक पाडले, तेव्हा आस फिरताना त्या भोकातून तेल आत जाण्याऐवजी वर येऊन सांडू लागले. त्यांनी भोकात बूच मारले, ते हळूहळू वर ढकलले गेले. मग लाकडी खुंटी ठोकली, तीही बाहेर आली. शेवटी तिथे दाबमापक बसवला असता बेअरिंगवरच्या सरासरी दाबाच्या दुपटीहून अधिक दाब तेलात असल्याचे आढळले. म्हणजे आस बेअरिंगला टेकलेला नव्हताच. तो तेलावर तरंगत होता. १८८६ मध्ये ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी याचे गणित मांडले. फिरणारा पृष्ठभाग आपल्याबरोबर तेल ओढून नेतो, पुढची फट अरुंद होत गेली की त्या तेलाची पाचरीसारखी कोंडी होते, दाब वाढतो आणि तो दाब वरचे वजन उचलून धरतो. आपल्याकडच्या जोरदार पावसात जांबोटीच्या रस्त्यावर वेगातल्या मोटारीचे चाक साचलेल्या पाण्यावर चढून डांबरापासून सुटते, ते याच तत्त्वाने.

बेअरिंगचा प्रश्न असा सुटला, पण गिअरचा सुटला नाही. बेअरिंगमध्ये वजन मोठ्या पृष्ठभागावर पसरलेले असते, तर गिअरचे दोन बाकदार दात एकमेकांना जेमतेम एका रेषेवर भेटतात आणि सगळा जोर त्या रेषेवर येतो. १९१६ मध्ये मार्टिन यांनी रेनॉल्ड्स यांचे समीकरण दातांना लावून पाहिले, तेव्हा तेलाचा पडदा इतका पातळ निघाला की दातांच्या पृष्ठभागावरचे सूक्ष्म उंचवटे त्याहून मोठे ठरावेत. या हिशेबाने कोणताही गिअर थोड्या दिवसांत घासून संपायला हवा होता. तरीही वर्षानुवर्षे चाललेले चांगले गिअर उघडले की त्यांच्या दातांवर कारखान्यातल्या कटरने सोडलेल्या बारीक रेषा अजून शाबूत दिसत. गणितातून काहीतरी महत्त्वाचे निसटले होते.

निसटलेल्या गोष्टी दोन होत्या. पहिली अशी की, पोलाद आपल्याला कितीही कठीण वाटले तरी एवढ्या दाबाखाली ते किंचित दबते, त्यामुळे रेषेची जागा एक अरुंद सपाट पट्टी घेते. दुसरी गोष्ट मला अधिक विस्मयकारक वाटते. तेलाची श्यानता, म्हणजे वाहण्याला होणारा त्याचा अंगचा विरोध, दाबाबरोबर वाढतो, आणि तो सरळ प्रमाणात वाढत नाही, तर दाब टप्प्याटप्प्याने वाढत जाताना दर टप्प्याला तो काही पटींनी गुणला जातो. हजार वातावरणांच्या, म्हणजे आपल्याभोवतीच्या हवेच्या हजारपट, दाबाला साधे खनिज तेल सुमारे सातपट दाट होते. दातांच्या संपर्काच्या जागी दाब दहा हजार वातावरणांच्या घरात जातो, आणि तिथे ही वाढ लाखो पटींपर्यंत पोहोचते. बाटलीतून धार धरून पडणारे तेल त्या क्षणी जवळजवळ घन पदार्थासारखे वागते. ज्या तेलाला पिळून बाहेर काढायचे तेच पिळण्यामुळे घट्ट झाल्याने त्याला बाजूला सरकायला सवडच मिळत नाही. दात पुढे सरकतात, सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळात दाब ओसरतो आणि तेल पुन्हा पहिल्यासारखे वाहू लागते. सोव्हिएत संशोधक एर्टेल आणि ग्रुबिन यांनी या दोन्ही गोष्टी एकत्र धरून केलेले काम १९४९ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि १९५९ पासून डंकन डाउसन आणि गॉर्डन हिगिन्सन यांनी संगणकाच्या साहाय्याने ते पक्के केले. त्यांच्या हिशेबाप्रमाणे दातांमधला पडदा साधारण अर्धा मायक्रॉन जाडीचा, म्हणजे मिलिमीटरच्या दोन हजाराव्या भागाएवढा असू शकतो. त्याच्यावर गिअर तगतो.

डाउसन आणि हिगिन्सन यांच्या सूत्रातला एक तपशील टिलर चालवणाऱ्याने मुद्दाम समजून घ्यावा असा आहे. पडद्याची जाडी वेगाच्या ०.७ व्या घाताच्या प्रमाणात वाढते, तर भाराच्या ०.१३ व्या घाताच्या व्यस्त प्रमाणात कमी होते. याचा अर्थ असा की, दातांवरचा भार दुप्पट झाला तरी पडदा जेमतेम नऊ टक्क्यांनी पातळ होतो, पण वेग निम्मा झाला तर तो सुमारे अडतीस टक्क्यांनी पातळ होतो. आपल्याला भाराची भीती वाटते, पण पडद्याचा खरा शत्रू मंद गती हा आहे. इंजिन मिनिटाला तीन हजारांहून अधिक फेऱ्या मारत असले तरी गिअरपेटीत वेग घटत घटत फाळांच्या आसापर्यंत येईतो तो मिनिटाला शंभर-दीडशे फेऱ्यांवर आलेला असतो. त्यातच निपाणीकडच्या काळ्या जमिनीत ओल अधिक असली आणि फाळ रुतून गती आणखी पडली, तर शेवटच्या जोडीतल्या दातांमधला पडदा जागोजागी तुटतो आणि धातूचे उंचवटे धातूला भिडतात.

अशा वेळी उपयोगी पडावे म्हणून गिअर ऑइलमध्ये गंधक आणि फॉस्फरस यांची संयुगे मिसळलेली असतात. डबा उघडताच येणारा उग्र वास मुख्यतः गंधकाच्या संयुगांचा असतो. ही संयुगे एरवी शांत असतात. पण उंचवटे घासून क्षणभर जिथे फार उष्णता निर्माण होते, नेमकी तिथेच ती लोखंडाशी संयोग पावतात आणि पृष्ठभागावर एक पातळ थर तयार होतो. दोन दात एकमेकांना चिकटून धातू उपटला जाण्याऐवजी हा थर झिजतो आणि पुन्हा तयार होतो. असे होताना ती संयुगे थोडी थोडी खर्ची पडत जातात, म्हणून तेल जळत नाही हे खरे असले तरी ते संपतच नाही असे म्हणता येत नाही. जळक्या इंजिन ऑइलमध्ये या कामापुरती ही संयुगे नसतात, उलट काजळी आणि झिजेचे कण असतात.

याच रसायनशास्त्राची दुसरी बाजू काही छोट्या टिलरांच्या बाबतीत महत्त्वाची ठरते. त्यांच्यात पोलादी वर्म, म्हणजे स्क्रूसारखे आटे असलेला दांडा, आणि काशाचे चाक अशी जोडी असते. या जोडीत घसरणे फार आणि लोळणे थोडे असते, म्हणून चाक मऊ धातूचे ठेवतात. लोखंडाला वाचवणारे क्रियाशील गंधक काशातल्या तांब्याला मात्र गरम झाल्यावर खाऊ शकते. गिअर ऑइलचा वर्ग सांगण्यासाठी डब्यावर जीएल-४ किंवा जीएल-५ असे लिहिलेले असते. जीएल-५ मध्ये ही संयुगे जास्त असतात, आणि पाच हा आकडा चारपेक्षा मोठा आहे एवढ्यावरून ते सगळ्या पेट्यांना अधिक चांगले ठरत नाही. यंत्राच्या पुस्तिकेत जे लिहिले असेल तेच वापरावे.

आकड्यांचा घोळ इथेच संपत नाही. नव्वद नंबरचे तेल इंजिनाच्या चाळीस नंबरच्या तेलापेक्षा दुपटीहून दाट असणार, असे ऐकणाऱ्याला सहज वाटते. वस्तुतः इंजिन ऑइल आणि गिअर ऑइल यांच्या मोजपट्ट्या वेगवेगळ्या आहेत. शंभर अंश सेल्सिअसला चाळीस नंबरच्या इंजिन ऑइलची श्यानता १२.५ ते १६.३ सेंटीस्टोक (श्यानता मोजण्याचे एकक) असते आणि नव्वद नंबरच्या गिअर ऑइलची १३.५ सेंटीस्टोकपासून पुढे सुरू होते, म्हणजे दोघे जवळजवळ शेजारी आहेत. एकशेचाळीस नंबर २४ सेंटीस्टोकपासून सुरू होतो. ८० डब्ल्यू-९० मधला पहिला आकडा उणे २६ अंशांच्या थंडीतली वागणूक सांगतो, जिच्याशी बेळगावच्या डिसेंबरलाही काही देणेघेणे नाही. ज्या पेटीसाठी नव्वद सांगितले आहे तिच्यात एकशेचाळीस भरल्याने पडदा थोडा जाड होईल हे खरे, पण ते तेल घुसळण्यात ताकद वाया जाते आणि पेटी तापते. शिवाय गार असताना ते तेल वरच्या बेअरिंगपर्यंत वेळेवर पोहोचत नाही.

या पेटीत तेल पोहोचवणारा पंप नसतो. खालचे चाक तेलात बुडते आणि फिरताना ते वर उडवते. म्हणूनच पातळी इतकी महत्त्वाची. यंत्र सपाट जागी उभे करावे, इंजिन बंद असावे, पेटी निवलेली असावी, आणि सर्वांत आधी बोल्टाभोवतीची माती ब्रशने झाडून पुसून काढावी. ही स्वच्छता दिखाऊ नाही. दहा मायक्रॉनचा मातीचा कण डोळ्याला दिसत नाही, पण तो आपल्या पडद्याच्या वीसपट जाड असतो. मग पातळीचा बोल्ट काढावा. बहुतेक पेट्यांमध्ये तेल त्या भोकाच्या खालच्या कडेला लागलेले असले म्हणजे ते पुरेसे आहे. जिथे तेल मोजण्याची कांडी दिलेली असते तिथे खुणेपर्यंत. त्याहून जास्त भरू नये, कारण जास्तीच्या तेलाचा फेस होतो, फेसातल्या हवेने पडदा धरत नाही आणि वाढलेल्या दाबाने तेल सीलमधून, म्हणजे आसाभोवती तेल अडवणाऱ्या कड्यातून, बाहेर पडू लागते.

खानापूर भागात भाताच्या चिखलणीत चाललेल्या यंत्राचे तेल वेगळ्या कारणाने पाहावे लागते. दिवसभर तापलेली पेटी थेट ओढ्याच्या किंवा पंपाच्या गार पाण्याने धुतली की आतली हवा आकसते, आत दाब कमी होतो आणि सीलच्या ओठाजवळ थांबलेले पाणी आत ओढले जाते. पेटीला हवेसाठी ठेवलेले बारीक भोक चिखलाने बुजलेले असेल तर हे हमखास घडते. पाणी मिसळलेले तेल ताकासारखे पांढरट दिसते. शंका असल्यास यंत्र रात्रभर उभे ठेवून सकाळी खालचा बोल्ट थोडासा ढिला करावा. पाणी तेलापेक्षा जड असल्याने सुटे पाणी असेल तर आधी तेच टपकते. लोखंडाचा जुना तुकडा तापवून त्यावर तेलाचा थेंब टाकला आणि तो चरचरला, तरी पाणी आहे असे समजावे. पाण्याला दाबाने पडदा धरण्याइतका दाटपणा येत नाही, आणि रात्री ते बेअरिंगला गंज चढवते. असे तेल गाळून पुन्हा वापरू नये.

पातळी पुन्हा पुन्हा घसरत असेल तर फाळ काढून आसाच्या मुळाशी पाहावे. हरळीच्या मुळ्या, पोत्याची सुतळी, ठिबकच्या नळीचे तुकडे आणि मल्चिंगचा कागद तिथे घट्ट गुंडाळलेले असतात आणि सीलचा ओठ कापतात. भाड्याने फिरणाऱ्या यंत्रांत, मग ती शेजाऱ्याची असोत की यंत्रे भाड्याने देणाऱ्या यंत्रधारे केंद्रातली, हे दुखणे फार दिसते, कारण प्रत्येक वापरणाऱ्याला तेल पाहणे हे मालकाचे काम वाटते.

दुकानात ‘नॅनो’ असे लिहिलेली छोटी बाटली मिळते. ती गिअर ऑइलमध्ये ओतली की झीज कायमची थांबते, असा दावा असतो. तेल बनवताना संयुगांचे प्रमाण एकमेकांना सांभाळून ठरवलेले असते आणि त्यात बाहेरून काही ओतल्याने ते बिघडू शकते, म्हणून असा खर्च मी कोणालाही सुचवणार नाही. त्याचप्रमाणे खंडेनवमीला यंत्राला हार घालून लिंबू कापणाऱ्यांचा भाव मला समजतो, परंतु लिंबामुळे यंत्र वर्षभर बिघडत नाही यावर विश्वास ठेवून बोल्ट न उघडणे हे मात्र मान्य करता येत नाही. त्याच दिवशी पातळी पाहिली तर एक ठरलेली तारीख तरी हाताशी येईल.

तेल बदलायचे असेल तेव्हा यंत्र दहा मिनिटे चालवून मग काढावे, म्हणजे तळाचा गाळ तेलाबरोबर येतो. नव्या यंत्राचे पहिले तेल पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे लवकर काढावे, कारण नव्या दातांचे उंचवटे झिजून निघालेली पूड त्यात असते. काढलेले तेल उन्हात धरून पाहावे. राखाडी, पिठासारखी बारीक पूड दिसली तर काळजीचे कारण नाही. लोहचुंबकाला चिकटणारे कपचे दिसले तर दात तुटत आहेत. आणि चुंबकाला न चिकटणारी सोनेरी चकाकी दिसली तर काशाचे चाक झिजत आहे आणि पेटी मिस्त्रीकडे नेण्याची वेळ आली आहे. नवे तेल दाट असल्याने सावकाश ओतावे, पाच-दहा मिनिटे थांबून ते तळाशी बसू द्यावे आणि मग पुन्हा पातळी पाहून, बोल्टाखालचा वॉशर चेपला असेल तर तो बदलून, बोल्ट घट्ट करावा.