चौथी पिन

एप्रिलातली दुपार, तीनचा सुमार. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या आमच्या घराची वरची खोली पत्र्याखाली आहे. भिंतीवरचा तापमापक ३६ दाखवत होता. वरून पुतण्याची हाक आली, "काका, मशीन परत बंद पडालंय!"

पोरगा कॉम्प्युटरवर कुस्तीच्या मैदानांचे व्हिडिओ एडिट करतो. व्हिडिओ एक्स्पोर्टला, म्हणजे अंतिम फाइल बनवायला, टाकला की पहिली काही मिनिटं सगळं सुरळीत. मग फॅनचा आवाज चढत जायचा, टक्के मुंगीच्या पावलांनी सरकायचे आणि अखेर स्क्रीन काळा. एका दुकानात दाखवून आणलं तर "मदरबोर्ड गेलाय, बदला" असं उत्तर मिळालं. मला ते पटेना. मदरबोर्ड गेला असता तर सकाळी सातलाही गेलेलाच असता. हा गडी सकाळी तालमीतून आल्यासारखा ताजा असायचा आणि दुपारीच मान टाकायचा. तापमान दाखवणारं एक फुकटचं सॉफ्टवेअर टाकून पाहिलं. एक्स्पोर्ट सुरू केल्यावर प्रोसेसरचा, म्हणजे कॉम्प्युटरच्या मेंदूचा, आकडा ७०, ८५, ९६ असा चढत १०० वर जाऊन टेकला.

आता एवढा ताप येतो कुठून? प्रोसेसरच्या चिपवर अब्जावधी ट्रान्झिस्टर, म्हणजे विजेची इवलाली बटणं, असतात. ते चालू-बंद होताना प्रत्येक वेळी इवलासा विद्युतभार भरला जातो आणि ओतून दिला जातो, आणि हे सेकंदाला अब्जावधी वेळा चालतं. त्या भर-ओतीत खर्च झालेली वीज उष्णता होऊन बाहेर पडते. हिशेब, खेळ, व्हिडिओ काहीही करा, प्रोसेसरनं घेतलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णताच होते.

साध्या घरगुती प्रोसेसरवर ६५ वॉट असं लिहिलेलं असतं. जोर लागला की थोडा वेळ तो शंभरापलीकडेही जातो. एका जुन्या पिवळ्या बल्बाएवढी वीज, त्यात काय विशेष, असं वाटेल. पण ती किती जागेतून बाहेर पडते ते बघा. १००० वॉटच्या इस्त्रीचा तळ साधारण २०० चौरस सेंटीमीटर, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला ५ वॉट. प्रोसेसरची आतली चिप अंगठ्याच्या नखाएवढी, दीडेक चौरस सेंटीमीटरची. तिथं हाच हिशेब ४० वॉटच्या वर जातो. म्हणजे इस्त्रीच्या आठपट दाटीनं निघणारी उष्णता त्या नखाएवढ्या जागेतून सतत बाहेर काढत राहायची.

या उष्णतेचं गणित व्होल्टेजच्या वर्गावर चालतं. व्होल्टेज दहा टक्क्यांनी उतरवलं तर उष्णता दहा नव्हे, एकोणीस टक्क्यांनी उतरते. इंटेलचा १९९३ चा पहिला पेंटियम प्रोसेसर ५ व्होल्टवर चालायचा, आजचे प्रोसेसर एक-सव्वा व्होल्टच्या आसपास चालतात. ट्रान्झिस्टर लहान करत गेलं की व्होल्टेजही त्या प्रमाणात उतरवता येतं, हे रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांच्या आयबीएममधल्या सहकाऱ्यांनी १९७४ साली मांडलं होतं आणि पुढची तीस वर्षं सगळ्यांनी त्यावर मजा मारली. मग व्होल्टेज उतरेनासं झालं, आणि बंद ट्रान्झिस्टरमधूनही वीज झिरपायला लागली. २००४ मध्ये इंटेलनं ४ गिगाहर्ट्झच्या पेंटियम ४ चा बेत सोडून दिला, आणि पुढच्याच वर्षी घरगुती मशीनमध्ये दोन कोअरचे, म्हणजे एकात दोन मेंदू असलेले, प्रोसेसर आले. एकाच बैलाला चाबूक मारत बसण्यापेक्षा जोडी जुंपलेली बरी, असा तो निर्णय होता.

यातून घरी करण्यासारखी एक युक्ती निघते. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये प्रोसेसरची कमाल पातळी १०० वरून ९९ टक्के केली की बहुतेक मशीनवर टर्बो, म्हणजे जोर लागल्यावर घेतलेला जादा वेग, बंद होतो. टर्बोच्या वेगाला जास्त व्होल्टेज लागतं, त्यामुळे एका टक्क्याच्या बदल्यात आठ-दहा अंश उतरलेले मी पाहिलेत. पण काम तेवढं रेंगाळतं, आणि पोराला ते चालणार नव्हतं.

तेव्हा मशीन उघडलं. आता उष्णतेचा रस्ता बघा. चिप, तिच्यावरचं धातूचं झाकण, त्यावर थर्मल पेस्टचा थर, मग हीटसिंक, म्हणजे उष्णता ओढून घेणारा अॅल्युमिनियमचा ठोकळा, त्याच्या फिन्स म्हणजे पातळ पट्ट्या, फिन्समधून फॅननं ढकललेली हवा, आणि शेवटी खोली. जुन्या घरांतला तांब्याचा बंब आठवा. आत आग, बाहेर पाणी, मध्ये तांब्याचा पत्रा. आतल्या नळीला काजळी धरली की तेवढ्याच लाकडात पाणी तापायला जास्त वेळ लागतो, कारण उष्णतेची वाट तिथं अडते. आमच्या फॅनखाली तशीच काजळी होती. धूळ, कापसाचे तंतू आणि शेजारच्या स्वयंपाकघरातल्या फोडणीचा तेलकट धूर, यांचा चक्क नमदा झाला होता. चिमटीत धरून उचलला तर गोल पोळीसारखा अख्खा निघाला.

(ब्लोअर मारताना फॅनची पाती बोटानं धरून ठेवावी. वाऱ्यानं तो भन्नाट फिरतो आणि बेअरिंगची वाट लागते. मशीनची पिन भिंतीतून काढलेली असावी हे सांगायला नको, पण सांगतो.)

मोठ्या दिमाखात मशीन जोडलं. एक्स्पोर्ट. आकडा ९४. सहा अंशांसाठी एवढा धुरळा! पुतण्या काही बोलला नाही, हेच जास्त लागलं.

हीटसिंक खाली उतरवला. पेस्ट वाळून खडूसारखी झालेली, आणि तीही एकाच बाजूला पसरलेली. इथं उद्यमनगरातल्या एका जुन्या मिस्त्रीकडे पाहिलेली गोष्ट आठवली. सपाट केलेला जॉब, म्हणजे घडवायचा लोखंडी तुकडा, तो सरफेस प्लेटवर, म्हणजे अगदी सपाट पाटावर, निळा रंग लावून घासायचा. डोळ्याला आरशासारखा दिसणारा जॉब उचलला की निळे ठिपके फक्त इथं-तिथं उठलेले असायचे. म्हणजे दोन सपाट पृष्ठभाग टेकतात ते केवळ उंचवट्यांवर, बाकी सगळीकडे हवा. आणि उष्णता वाहून न्यायच्या बाबतीत हवा भलतीच कंजूष. तांबं हवेच्या सुमारे १५,००० पट उष्णता वाहून नेतं. पेस्ट तांब्याच्या जवळपासही पोचत नाही, पण हवेपेक्षा शेदोनशे पटींनी बरी. म्हणून ती फक्त खळगे भरण्यापुरती, तुरीच्या दाण्याएवढी लावायची. श्रीखंडासारखी थापली तर धातू आणि धातूच्या मध्ये आपणच भिंत बांधतो. धातूंमध्ये सगळ्यात दिलदार चांदी, तांब्यापेक्षाही सहा-सात टक्के सरस. पण चांदीच्या दागिन्यांसाठी नावाजलेल्या हुपरीचे पैंजण वितळवून हीटसिंक ओतण्याइतका तो फायदा मोठा नाही.

प्रोसेसरच्या महागड्या कूलरमध्ये, म्हणजे हीटसिंक-फॅनच्या जोडीत, तांब्याच्या वाकवलेल्या नळ्या दिसतात. त्या भरीव नसतात. १९६३ मध्ये लॉस अॅलामॉसच्या प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी जी हीट पाइप बनवली, तिचीच ही नातवंडं. आतली हवा काढून थोडंसं पाणी बंद केलेलं असतं. दाब कमी असला की पाणी लवकर उकळतं. आपल्या साडेपाचशे मीटर उंचीच्या कोल्हापुरातसुद्धा ते ९८ अंशांच्या आसपास उकळतं. नळीत तर जवळपास निर्वात, त्यामुळे कोमट तापमानालाच वाफ होते, गार टोकाला जाऊन परत पाणी होते आणि आतल्या जाळीतून, दिव्याच्या वातीत तेल चढावं तशी, माघारी येते. भरीव तांब्याच्या कितीतरी पट उष्णता ही नळी वाहून नेते, आणि हलणारा एकही भाग नाही.

आमच्याकडे असलं काही नव्हतं. प्रोसेसरच्या डब्यातून मिळणारा साधा गोल कूलर, चार कोपऱ्यांवर चार प्लास्टिकच्या पिना. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसली. नवी लावण्याआधी सहज पिना बघितल्या. तिघींच्या डोक्यावरच्या खाचा एकीकडे, चौथीची भलतीकडे. काढताना पिन बाणाच्या दिशेनं फिरवावी लागते, बसवताना आधी उलट फिरवून जागेवर आणायची आणि मगच टक् आवाज येईपर्यंत दाबायची. ही चौथी न फिरवताच कोणीतरी दाबली होती. टक् झालंच नव्हतं. हीटसिंक एका कोपऱ्याला केसभर उचलला होता आणि त्या फटीत हवा.

दिवाळीच्या साफसफाईत हे मशीन कोणी उघडलं होतं, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. कंदिलाची वायर ओढायची घाई होती, एवढंच मी म्हणालो.

थंडीत हे लपलं होतं, याचंही कारण सरळ आहे. कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा ठरावीक अंश वर ठेवतो, खोलीच्या खाली कधीच नेत नाही. पाण्याचे महागडे कूलरही नाहीत. खोली २२ वर असताना ७४ अंशांचा फरक परवडला, प्रोसेसर ९६ वर धापा टाकत राहिला. खोली ३६ झाल्यावर गाडी १०० च्या भिंतीला थडकली. तिथं प्रोसेसर आधी स्वतःचा वेग कमी करतो, म्हणून टक्के रेंगाळायचे, आणि तेवढ्यानंही भागलं नाही तर वीज तोडतो. ही तोड त्याला जळण्यापासून वाचवते. टेबलाच्या बंद कप्प्यात कोंबलेल्या मशीनचं असंच होतं. आपलीच गरम हवा परत परत ओढत राहतं, त्याच्या दृष्टीनं खोली ४५ ची असते. मागे वीतभर जागा सोडली तरी फरक पडतो.

चारही पिना बसवल्या, कर्णरेषेत समोरासमोर, टक् टक् मोजत. एक्स्पोर्ट लावला. आकडा ७४ वर जाऊन थांबला आणि तिथंच राहिला, फॅनही गुणगुणण्यावर आला.

अर्ध्या तासानं आई वर आली. वेग पडत नसल्यामुळे मशीन आता आधीपेक्षा जास्त वीज खात होतं, आणि ती सगळी उष्णता बिनअडथळा खोलीत येत होती. "बंब पेटवल्यागत झालंय की रं हितं," असं म्हणून तिनं खिडकी उघडली.